दप्तर आणि बाना : ज्ञान राखणाऱ्या दोन वर्गांच्या रीति

(१) सालेकसा हें गांव गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व बाजूस आहे. नागपुराहून छत्तीसगडाकडे जाणारा लोहमार्ग येथून पुढें दरेकशाच्या डोंगरांत शिरतो व डोंगरगडाकडे निघून जातो. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाला. तत्पूर्वीं हा सर्व मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. मराठी, हिंदी, छत्तीसगडी व गोंडी या चार भाषा येथें एकमेकींस भेटतात. या मुलखांत ज्ञान राखण्याचा धंदा करणारे दोन वर्ग पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले. एक मोडी लिहिणारा कारकून. दुसरा बाना वाजवून कुळकथा गाणारा परधान, ज्यास कांहीं भागांत पठारी असेंहि म्हणतात. एकाचें ज्ञान रुमालांत, दुसऱ्याचें कंठांत. आपल्या जुन्या वस्तूंच्या व कागदांच्या संग्राहकांनीं पहिल्या वर्गाकडे पुष्कळ लक्ष पुरविलें आहे. दुसऱ्याकडे फार थोडें. परंतु दोघांस शेजारीं बसवून पाहिल्यावांचून, आपल्या लोकांनीं आपलें ज्ञान कां राखलें, कां लपविलें व कां गमावलें, या प्रश्नाचा उलगडा होत नाहीं असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

(२) हा प्रश्न जुना आहे. 'मराठ्यांस इतिहास लिहिण्याची आवड नाहीं', 'कारकून लोक कागद दाखवीत नाहींत', 'रानांतल्या लोकांस इतिहासच नाहीं', अशीं विधानें एकोणिसाव्या शतकापासून ऐकूं येतात. तीं करणाऱ्यांचा समज असा दिसतो कीं, ज्ञानाविषयींची उदारता किंवा कृपणता हा रक्तांतला गुण आहे. आमचें म्हणणें याच्या उलट आहे. काम करणाऱ्या माणसास आपल्या ठायींचें ज्ञान कोणाचें वाटतें, हें त्याच्या समाजाच्या व्यवस्थेवरून ठरतें. ज्या समाजांत हक्क कागदानें सिद्ध होतो तेथें कागद तिजोरींत जातो. ज्या समाजांत मान मुखानें उच्चारल्यानें सिद्ध होतो तेथें तें ज्ञान गाण्यांत जातें.

(३) प्रथम कारकुनाकडे पाहूं. यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याच्या नांवावर मोडी लिपीची योजना व कारकुनीच्या नियमांचें 'मेस्तक' परंपरेनें घातलें जातें. मोडी त्यानेंच काढली काय हा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट निश्चित दिसते, ती ही कीं, लेखन हा स्वतंत्र धंदा असून त्याचे नियम शिकावे लागतात ही जाणीव महाराष्ट्रांत जुनी आहे. शिवछत्रपतींच्या कारकीर्दीत, इ. स. १६७७ च्या सुमारास, रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखालीं 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. त्यांत राज्यकारभाराच्या फारसी-यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले असून एक सबंध वर्ग लेखनासच वाहिला आहे. कारभाराची भाषा कारकुनाच्या तोंडीं अडकून न राहतां राज्याच्या मालकीची व्हावी, असा हा प्रयत्न होता. परंतु कोशांतले संस्कृत शब्द फडावरच्या फारसी शब्दांस पुरते हटवूं शकले नाहींत. जें शब्दभांडार हाताच्या संवयीनें आलें तें हुकुमानें गेलें नाहीं.

(४) पेशवाईंत ही व्यवस्था पूर्णतेस पोंचली. पुण्याच्या हुजूर दफ्तरांत भरभराटीच्या काळीं दोनशेंहून अधिक कारकून राबत असत. चालत्या दफ्तराच्या फडावर रोजकीर्द चाले. बेहेड्यांत जमाखर्चाचे अंदाज बांधले जात. सरंजामाचें काम निराळें. आणि एकबेरीज दफ्तरांत सर्व हिशेब येऊन त्यांचे तर्जुमे, म्हणजे आवक, खर्च व शिल्लक यांचे गोषवारे, तयार होत. नाना फडणिसांच्या हातीं ही यंत्रणा विलक्षण नेटकी होती. बाजीराव दुसरे यांच्या अमदानींत परगणे मक्त्यानें दिले जाऊं लागतांच ही शिस्त ढिली पडली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कारकून तेच, लिपी तीच, जात तीच. पण ज्या दिवशीं मालकास हिशेबाची गरज उरली नाहीं त्या दिवसापासून हिशेब राहिला नाहीं. रक्ताचा सिद्धांत येथेंच लंगडा पडतो.

(५) या धंद्यांतलें ज्ञान पुस्तकावरून शिकतां येत नसे. मुलगा उमेदवार म्हणून वडिलांच्या किंवा मामाच्या शेजारीं बैठकीवर बसे, बोरू तासून देई, नकला करी व पाहून शिके. कागदावरील मितीचेंच उदाहरण घ्यावें. 'सन अर्बा खमसैन मया व अलफ' असें वर्ष लिहिलेलें असतें. अर्बा म्हणजे चार, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे शुहूर सन ११५४. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो : येथें १७५३-५४. शिवाय महिना चंद्राच्या गणनेनें, शब्द तोडल्यावांचून एका ओळींत जोडलेले, अर्धे शब्द संक्षेपानें. आज हें कोष्टक छापील मिळतें. त्या काळीं तें कारकुनाच्या डोक्यांत असे, आणि तेंच त्याचें भांडवल होतें. ज्यास पोटाचें साधन म्हणून ही विद्या मिळाली, त्यानें ती रस्त्यावर वांटावी अशी अपेक्षा करणें न्यायाचें नाहीं.

(६) याहून खोल कारण वतन हें होय. कुळकरण, देशपांडेपण, चिटणिशी, फडणिशी हीं कामें बहुधा वंशपरंपरेचीं होतीं. म्हणून दप्तर हें कचेरींत न राहतां घरीं राहिलें. नाना फडणिसांचे कागद वाईजवळ मेणवलीस गेले हें सुप्रसिद्ध आहे. जें मोठ्या मुत्सद्द्याचें तेंच खेड्यांतल्या कुळकर्ण्याचें. वतनपत्र, महजर, थळपत्र, राजीनामा हे कागद म्हणजे घराची जमीनच होती. ते चुलत्याच्या हातीं पडले तर वांटणी मागितली जाई, शेजाऱ्याच्या हातीं पडले तर खोटा दावा उभा राही. यास्तव हे कागद एकाच प्रसंगीं बाहेर निघत : तंटा पडला म्हणजे. त्या वेळीं वतनदार आपला 'करीना' लिहून देई, मूळ पुरुषापासूनची हकीकत गोताच्या मजलसींत सांगे, व पिढीजाद कागद पुढें ठेवी. आपल्याकडील स्थानिक इतिहासाचा फार मोठा भाग असा भांडणांतून जन्मास आला आहे. भांडण मिटलें कीं रुमाल पुन्हां गांठ मारून माळ्यावर.

(७) बखरींचीहि तीच गत. कृष्णाजी अनंत सभासद यानें १६९७ मध्यें जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलें. नागपूरकर भोसल्यांची बखर काशीराव राजेश्वर गुप्ते यानें रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या सांगण्यावरून लिहिली. दोन्ही लेखक राज्याच्या कामांत मुरलेले होते. दोघांच्याहि ठायीं माहितीचा मोठा सांठा होता. परंतु ज्यास विचारण्याचा अधिकार आहे असा धनी विचारी तेव्हांच लेखणी चाले. कामगाराचें ज्ञान हें धन्याच्या प्रश्नाचें उत्तर होय, स्वतंत्र दान नव्हे, ही येथील रीत होती. हिच्याशीं ईस्ट इंडिया कंपनीची रीत ताडून पाहावी. कंपनीचे धनी लंडनांत, नोकर कलकत्त्यास ; मध्यें कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास. म्हणून प्रत्येक मसलत लिहून तिच्या नकला विलायतेस पाठवाव्या लागत. इंग्रज कारकून स्वभावतः उदार होता असें नव्हे. दूरच्या धन्याचा अविश्वास त्याला लिहावयास लावीत होता. आपल्याकडे धनी जवळ होता, म्हणून तोंडी विचारलें व तोंडी सांगितलें कीं काम भागे.

(८) आतां सालेकशाच्या डोंगरांकडे वळूं. दरेकशाजवळ कचारगड नांवाची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. माघ पौर्णिमेस येथें गोंड समाजाची मोठी यात्रा भरते व महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इत्यादि प्रांतांतून लोक येतात. हिचें हल्लींचें संघटित रूप १९८० नंतरच्या दशकांतील असून त्यांत नागपूरचे गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांचा मोठा वांटा होता. येथील परंपरागत कथा अशी : कली कंकालीचीं मुलें या गुहेंत कोंडलेलीं होतीं व तोंडावर मोठी शिळा होती. लिंगो व जंगो रायताड यांनीं त्यांस सोडविण्याचें मनावर घेतलें. तेव्हां हिरासुका पाटारी नांवाच्या वादकानें आपल्या वाद्याच्या सुरांनीं त्या मुलांच्या अंगीं बळ आणलें व शिळा हालली. मुलें सुटलीं, परंतु वादक स्वतः शिळेखालीं चिरडून गेला.

(९) ही कथा इतिहास म्हणून नव्हे, तर एका धंद्यानें स्वतःविषयीं सांगितलेलें मत म्हणून वाचावी. समाज मुक्त झाला तो गाणाऱ्यामुळें, आणि गाणाऱ्यानें त्यापायीं प्राण दिला. त्यामुळें गाणाऱ्याचें ऋण समाजावर कायमचें राहिलें. परधानाचा सर्व व्यवहार या ऋणावर उभा आहे. प्रत्येक परधान घराण्यास गोंडांचीं ठराविक घरें यजमान म्हणून असत. मृत्यूनंतरच्या विधींस, देवकार्यास, व ठराविक वर्षांनीं फेरी करून, तो बाना घेऊन येई, कुळाची उत्पत्ति, सगा, देवसंख्या, पूर्वजांचे पराक्रम गाऊन दाखवी, व धान्य, वस्त्र, गुरें असें दान घेई. बाना हें गजानें वाजवावयाचें तंतुवाद्य. त्यांत बडादेवाचा वास असतो अशी श्रद्धा. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिविषयक ग्रंथांत या वर्गाची माहिती आहे. शामराव हिवाळे या मराठी लेखकानें वरच्या नर्मदेच्या खोऱ्यांतील परधानांवर १९४६ मध्यें स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, व आदिलाबादेकडील परंपरेचें वर्णन हैमेंडॉर्फ यांनीं १९४८ मध्यें केलें.

(१०) येथें कारकुनाशीं साम्य व भेद दोन्ही स्पष्ट होतात. साम्य असें कीं, दोघांचेंहि ज्ञान वंशपरंपरेचें, दोघेहि बापाशेजारीं बसून शिकलेले, दोघांचेंहि ज्ञान ठराविक प्रसंगींच बाहेर येणारें : एकाचें तंट्यांत, दुसऱ्याचें विधींत. भेद असा कीं, कारकुनाचें ज्ञान दाखविल्यानें धोक्यांत येतें, परधानाचें न दाखविल्यानें मरतें. करीना एकदां सिद्ध झाला कीं लपविणें हिताचें. गाणें गाइलें नाहीं तर पुढच्या पिढीस येत नाहीं आणि दानहि मिळत नाहीं. शिवाय गाणें ऐकणाऱ्या घरास तें थोडेंबहुत ठाऊक असतें. परधान चुकला तर वडील माणूस टोकतो. म्हणजे येथें नक्कल पडताळून पाहणारी मजलस प्रत्येक गाण्यास हजर असते. कारकुनाच्या कागदास असा पडताळा तंट्यावांचून मिळत नसे.

(११) 'लिहिणारा कारकून व न लिहिणारा रानवासी' अशी सोपी विभागणी मात्र करूं नये. आदिलाबाद जिल्ह्यांतील गुंजाळा गांवीं गोंडीचीं हस्तलिखितें असल्याचें २००६ मध्यें प्रकाशांत आलें, हैदराबादचे प्रा. जयधीर तिरुमल राव यांनीं तीं अभ्यासकांपुढें आणलीं. त्यांची लिपी स्वतंत्र असून जाणकार त्यांचा काळ इ. स. १७५० च्या सुमाराचा ठरवितात. तीं उजेडांत आलीं तेव्हां ती लिपी वाचणारे गांवांतले मोजके वृद्ध उरले होते. सालेकशास लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यांत मुन्शी मंगलसिंह मसराम यांनीं १९१८ मध्यें गोंडीसाठीं दुसरी एक लिपी तयार केली. संगणकाच्या सार्वत्रिक लिपिसंकेतांत मसरामांच्या लिपीस २०१७ मध्यें व गुंजाळा लिपीस २०१८ मध्यें स्थान मिळालें. जेथें लेखन होतें तेथेंहि तें दीडदोनशें वर्षें बाहेरच्यांच्या दृष्टीस पडलें नाहीं, हा धडा संग्राहकानें घ्यावा. 'तेथें कांहीं नाहीं' याचा अर्थ पुष्कळदां 'आम्हीं विचारलें नाहीं' असा असतो.

(१२) इंग्रजी अमल आल्यावर दोन्ही वर्गांच्या वृत्तींस मोठा धक्का बसला. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनचें काम जोरांत सुरू झालें. वतनदारांस आपले कागद पुढें करून हक्क सिद्ध करावे लागले. अपुरे ठरले तर इनाम जाण्याची भीति. कागद दाखविला तरी धोका, न दाखविला तरी धोका. पुढें दोन पिढ्या, दारीं कोणी कागद पाहावयास आला कीं 'आमचेकडे कांहीं नाहीं' हें उत्तर ठरलेलें झालें, त्याचें मूळ या अनुभवांत शोधावें. संशोधकांस तो हट्ट वाटला. घरवाल्यास ती सावधगिरी होती.

(१३) परधानाचा धक्का निराळ्या जातीचा. नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप यानें एका परधानाकडून लिंगोचें गाणें मिळविलें. हिस्लॉप १८६३ मध्यें बुडून मेला व त्याचे कागद रिचर्ड टेंपल यानें १८६६ मध्यें छापून काढले. गोंडी परंपरेचा हा पहिला मोठा मुद्रित आधार. पुढील प्रत्येक अभ्यासक त्याकडे वळतो. परंतु 'हिस्लॉपचें गाणें', 'टेंपलची आवृत्ति' असें सर्व म्हणतात. ज्याच्या कंठांत तें होतें तो त्या नांवांत नाहीं. कारकुनाचा कागद गेला तरी त्याखालीं 'दस्तुर' म्हणून त्याची खूण राहते. परधानाचें गाणें गेलें तें नांवावांचून गेलें. जो वर्ग ऋणाच्या भावनेवर जगतो, त्यास हें दान नव्हे, नुसतें नेणें वाटावें यांत नवल नाहीं.

(१४) दारें पुन्हां उघडलीं तीं विश्वासानें. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड काढला व बावीस खंडांपर्यंत काम नेलें. ते पायीं हिंडले, घरोघर बसले, कागद जेथला तेथें नमूद केला. ७ जुलै १९१० रोजीं त्यांनीं व खंडेराव मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. पुढें पेशवे दप्तरांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखालीं पंचेचाळीस भागांत १९३० ते १९३४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. सरकारी दप्तर राजाज्ञेनें उघडलें. घरगुती दप्तर घरच्या माणसास मान दिल्यानें उघडलें. नागपूर प्रांताकडे यादव माधव काळे यांनीं 'वऱ्हाडचा इतिहास' (१९२४) व 'नागपूर प्रांताचा इतिहास' (१९३४) लिहून मोठें काम केलें. परंतु जमीनदारी पट्ट्यांत हें वारें पुरतें पोंचलें नाहीं.

(१५) आणि पोंचण्यापूर्वींच कागद राखण्याचें मूळ कारण नाहींसें झालें. मुंबई राज्यांत १९५० च्या कायद्यानें परगणे व कुळकर्णी वतनें रद्द झालीं. मध्यप्रदेशांत, ज्यांत तेव्हां सालेकसा होतें, १९५० च्याच कायद्यानें जमीनदारी व मालगुजारी बुडाली व ३१ मार्च १९५१ पासून अंमल झाला. सामान्य रयतेस यांत न्याय मिळाला, याविषयीं वाद नाहीं. परंतु संग्राहकाच्या दृष्टीनें त्याचा दुसरा परिणाम पाहावा. ज्या कागदावर जमीन उभी होती तो एका दिवसांत निव्वळ कागद झाला. मोडी वाचणारा नातू नाहीं, कागदास फळ नाहीं, माळ्यावर वाळवी. अशा वेळीं रद्दीवाला दारीं आला तर दोष कोणास द्यावा? परधानाच्याहि यजमानांतलीं मोठीं घरें याच वेळीं खंगलीं, व जेथें दान आटलें तेथें फेरीहि आटणें स्वाभाविक होतें. कारकून व परधान यांचे मार्ग निराळे असले तरी त्यांचे आश्रय एकाच दोन वर्षांत ढासळले.

(१६) निष्कर्ष असा. ज्ञान राखणाऱ्याची वृत्ति त्याच्या संस्कृतींत त्या ज्ञानास असलेल्या उपयोगावरून बनते. उपयोग मालमत्तेचा असेल तर तो लपवितो. मानाचा असेल तर तो प्रसंगीं गातो. आणि दोन्ही उपयोग सरले कीं तो टाकून देतो. उपदेशानें ही वृत्ति बदलत नाहीं. नवा उपयोग, नवा मान निर्माण केला तरच बदलते. ज्या घरानें कागद दिले त्या घराचें नांव खंडावर छापलेलें पाहून शेजारचें घर आपला रुमाल सोडतें, हा राजवाड्यांच्या कार्याचा खरा अर्थ आहे.

(१७) तेव्हां वाचकांस तीन विनंत्या आहेत. पहिली : घरगुती कागद मिळवितांना मूळ घरींच राहूं द्यावें, नक्कल किंवा छायाचित्र घ्यावें, व एक प्रत त्या घरास वाचतां येईल अशा बाळबोध लिपींत परत द्यावी, कागद आपलाच राहिला हें घरवाल्यास दिसलें पाहिजे. दुसरी : गोंदिया, भंडारा व चांदा या बाजूच्या पूर्वीच्या जमीनदारी व मालगुजारी घरांतील हिशेब, पट्टे, पत्रव्यवहार हे राजकीय महत्त्वाचे नाहींत म्हणून टाकूं नयेत. वनांतील माल, बेगार, लग्नकार्य, बाजार यांचा इतिहास त्यांतच आहे. तिसरी, आणि सर्वांत निकडीची : परधानाचें गाणें टिपून घेतलें तर गाणाऱ्याचें नांव, गांव, कूळ, गुरु, व कोणत्या प्रसंगीं गाइलें हें त्याच्या संमतीनें गाण्याच्या वर लिहावें, खालीं नव्हे, आणि जें विधीवांचून गाऊं नये असें तो म्हणेल तें तेथेंच सोडावें. हिस्लॉपच्या वेळीं राहून गेलेली ही ओळ आतां तरी भरून निघावी. कचारगडच्या कथेंत शिळा हालविणारा शिळेखालीं राहिला, परंतु त्याचें नांव त्याच्या लोकांनीं विसरूं दिलें नाहीं. संशोधकानें निदान तितकें करावें.